‘मेंदूने आधीच ठरवलं’ म्हणे, मग जबाबदारी संपली?

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: फ्री विल (स्वतःच्या मर्जीने निवडायची मोकळीक) नसतं हे सायन्सने सिद्ध केलंय, सगळं आधीच ठरलेलं असतं, म्हणून कोणीच कशाला जबाबदार नाही आणि शिक्षा म्हणजे अन्याय. एका दमात किती उड्या!

आधी ते ‘सिद्ध केलंय’ बघू. हा मेंदूवर संशोधन करणाऱ्या बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग. समोर घड्याळासारखा गोल फिरणारा ठिपका, वाटेल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. मेंदूतली हालचाल मनगटाच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, इच्छा जाणवली ती मात्र २०० आधी. झालं, मेंदूनेच ठरवलं! अरे पण ती हालचाल म्हणजेच निर्णय हे कुणी सांगितलं? २०१२ मध्ये मेंदू-संशोधक शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत आपोआप होणाऱ्या चढउतारांची सरासरी काढली तरी तसाच आलेख येऊ शकतो. आणि खुद्द लिबेट म्हणायचा की शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणायची मुभा माणसाकडे असते, ते मेसेजवाले बरोबर गाळतात.

‘ठरलेलंच आहे तर धडपड कशाला’ हे तर ग्रीकांच्या काळापासून चालू आहे. बरं व्हायचं नशिबात असेल तर डॉक्टर बोलवा न बोलवा, बरे होणारच. यावर ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाने (इ.स.पू. तिसरं शतक) सरळ उत्तर दिलं, की बरं होणं जसं ठरलेलं तसं डॉक्टरला बोलावणंही त्यातच ठरलेलं, मधला दुवा काढून शेवट कसा मिळेल?

जबाबदारीचंही त्यानेच सांगितलंय. सिलिंडर आणि शंकू, दोघांना धक्का सारखाच, पण एक सरळ गडगडतो, दुसरा गोल फिरतो, कारण आकार ज्याचा त्याचा. तसंच धक्का बाहेरून आला तरी कृती माणसाच्या स्वतःच्या स्वभावातून येते. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मध्ये हेच उलट्या बाजूने विचारलं: कृती माणसाच्या स्वभावातून आलीच नसेल, नुसती अचानक झाली असेल, तर दोष त्याला कुठल्या तोंडाने देणार? मला हा मुद्दा सगळ्यात भारी वाटतो.

शिक्षेचं थोडं मान्य, सूड म्हणून दिलेली शिक्षा मलाही पटत नाही. पण सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा बघा, फ्री विल साफ नाकारणारा माणूस, तोही एका पत्रात लिहितो की पिसाळलेला कुत्रा चावून वेडा झालेल्याचा दोष नाही, तरी त्याला मारणं रास्तच. त्यामुळे मेसेजवाल्यांना स्पिनोझाचाही आधार मिळायचा नाही.