रविवारचा वर्ग आणि अर्ध्या डझनाचं गणित

मागच्या रविवारी संध्याकाळी सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर भाई त्याच्या पोराचा घटक चाचणीचा पेपर घेऊन आला. नववी, बीजगणित, वीसपैकी तीन. गॅरेजमधून थेट आल्यामुळे त्याच्या बोटांना ग्रीस होतं आणि पेपरच्या कोपऱ्यावर काळा ठसा उमटला होता.

"घेऊन जा बे याला तुझ्या वर्गात," भाई मला म्हणाला. "काहीतरी कर."

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "सहा दिवस शाळा, वर रविवारी पण शाळा? पोरगं खेळणार कधी? आणि सहा दिवसांत जे आलं नाही ते सातव्या दिवशी दोन तासांत कसं येतंय, सांग की मला."

वर्गाबद्दल थोडं सांगतो. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात शनिवारी दुपारी तीन ते पाच आणि रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा, आठवी ते दहावीची पंचवीसेक मुलं येतात. शिकवणारे आम्ही सहाजण: इंजिनिअरिंगला शिकणारी चार पोरंपोरी, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले बापू, आणि मी. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. फी नाही. एका गटात चार किंवा पाचच मुलं बसतात, त्यापेक्षा जास्त नाही. ही अट बापूंची आहे आणि त्यावर ते कुणाचं ऐकत नाहीत.

माझ्याआधी वकील बोलला. "अण्णांचा मुद्दा बरोबर आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षण सर्वेक्षणात देशातली जवळपास २७ टक्के मुलं खासगी शिकवणीला जातात असं निघालंय. शहरात तीस टक्क्यांच्या वर. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, अशी मार्गदर्शक तत्त्वं सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली. तुझा वर्ग फुकट असेल, पण शाळेवरचा विश्वास तूही कमीच करतोयस. शाळेत लक्ष नाही दिलं तरी चालतंय, रविवारी बघू, असं पोरं म्हणणार."

हा आरोप मला लागला, कारण तो अगदीच खोटा नाही. अशी दोन पोरं आमच्याकडेही होती.

एवढा वेळ बापू भाईच्या पोराचा पेपर बघत होते. त्यांनी तो उघडून मधोमध ठेवला. "मार्क सोडा. कोरं किती आहे ते बघा."

सहा प्रश्नांतले चार कोरे होते. नुसते प्रश्न उतरवून घेतलेले, खाली काही नाही. एका उदाहरणात अवयव पाडायचे होते: एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, अधिक सहा. ते पोरानं सोडवलं होतं. पाचचे दोन आणि तीन असे तुकडे बरोबर पाडलेले, दोन्ही कंस बरोबर. आणि त्यावर तिरकी रेघ मारून सगळं खोडलेलं.

"हे बरोबर आहे?" भाईनं विचारलं.

"पूर्ण बरोबर. त्यानंच खोडलं."

भाई बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला. त्याला वाटत होतं, पोराला काहीच येत नाही. पोराला येत होतं, पण आपल्याला येतंय हे त्याला खरं वाटत नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचं दुखणं हेच आहे. चुकीचं लिहिलं तर बाई वर्गात वाचून दाखवतील, त्यापेक्षा कोरं बरं, हा त्यांचा हिशेब असतो. चौदा-पंधराव्या वर्षी हसं होण्याची भीती नापास होण्यापेक्षा मोठी असते. आणि कोऱ्या पेपरातून शिक्षकालाही काही कळत नाही. चुकलेल्या उत्तरात निदान कुठं अडलंय ते दिसतं.

अण्णा म्हणाले, "मग त्याला समजावून सांगायचं, घाबरू नको म्हणून. त्याला वर्ग कशाला?"

यावर मला राहवलं नाही, मी गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

नववीतली एक मुलगी होती, नाव सांगत नाही. आई विड्या वळते, वडील मागावर. पहिले तीन आठवडे ती एक शब्द बोलली नाही. परिमेय संख्या चालू होत्या. मी सहज एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहायला दिलं. तिनं लिहिलं, दोन छेद पाच. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. ही चूक पाचवीतली. म्हणजे चार वर्षं ती या चुकीवर पुढचं सगळं रचत आली होती आणि चार वर्षांत कुणाला कळलंच नव्हतं. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात ते कळणार तरी कसं? यात मी कुठल्या बाईंना दोष देत नाही.

लसावि काढ, छेद समान कर, असं मी म्हटलं असतं तर तिनं ते पाठ केलं असतं आणि पुढच्या महिन्यात विसरली असती. मी म्हटलं, टॉवेलचा डझन घे. अर्धा डझन म्हणजे किती? सहा. डझनाचा तिसरा हिस्सा? जरा थांबून म्हणाली, चार. एकूण? दहा. आता तुझं उत्तर, डझनाचे दोन छेद पाच किती होतात? तिनं भागाकार केला. चार पूर्णांक आठ दशांश. पाचसुद्धा नाहीत.

मी काही बोललो नाही. ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, सहात अजून घातले तर पाचपेक्षा कमी कसे झाले?"

चूक मी दाखवली नव्हती, तिनं स्वतः धरली होती. त्यानंतर बारातले दहा म्हणजे पाच छेद सहा, हेही तिचं तिनंच काढलं. दोन आठवड्यांनी मी फळ्यावर चिन्ह चुकवलं, तेव्हा मागून आवाज आला, "सर, वजा पाहिजे तिथं." तीच होती. वर्षाअखेरीला तिला फार मोठे गुण पडले असं नाही. पण तिच्या पेपरात एकही प्रश्न कोरा नव्हता. मला विचाराल तर वर्षाचं फळ ते.

बापूंना त्यांचे बीएडचे दिवस आठवले. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्येच मांडलं होतं की 'मला जमेल' ही भावना सगळ्यात पक्की होते ती स्वतः काहीतरी करून दाखवल्यावर. दुसऱ्यानं पाठ थोपटून ती तितकी येत नाही. "म्हणून अण्णा, नुसतं घाबरू नको म्हणून चालत नाही. त्याला त्याच्या हातानं जमलेलं दिसायला पाहिजे." शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचंही त्यांनी सांगितलं. एकेका मुलाला एकेक शिक्षक मिळाला तर मूल केवढं पुढं जातं, ते ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही, पण फायदा दिसलाच.

"ते अमेरिकेतलं झालं," वकील म्हणाला.

मग मी मुंबई आणि वडोदऱ्याचं सांगितलं. 'प्रथम' संस्थेनं तिथल्या पालिकेच्या शाळांत वस्तीतल्याच तरुण मुलींना बालसखी म्हणून नेमलं होतं. मागे पडलेल्या मुलांना बाजूला घेऊन त्या रोज दोनेक तास पायाचं वाचन आणि गणित शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून बघितलं, आणि मुलं खरोखर पुढं गेली होती. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढं २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकल क्रेमर यांच्यासोबत.

वकिलानं बरोबर जागी पकडलं. "ती पोरं तिसरी-चौथीतली होती. तुझी नववी-दहावीतली आहेत. दाढी फुटलेल्या पोराला पाचवीचा अपूर्णांक शिकवलास तर त्याचा आत्मविश्वास वाढतोय का आहे तोही जातोय?"

हा खरा अवघड प्रश्न आहे. पण पाया कच्चा असणं ही दोनचार पोरांची गोष्ट नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगितलं होतं. ते ४३ टक्क्यांनाच जमलं. म्हणजे मोठ्या मुलांना मागं न्यावंच लागणार आहे. कसं न्यायचं एवढाच प्रश्न उरतो. पाचवीचं पुस्तक हातात दिलं की पोरगं दुसऱ्या दिवसापासून येत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकलोय. टॉवेलचा डझन, गाडीचं मायलेज, गिरणीतल्या दळणाचा दर, यातून मागं नेलं तर त्याला मागं गेल्यासारखं वाटत नाही. शाळेतल्यांसमोर लाज वाटते, पण रविवारच्या गटात पाचही जण कुठं ना कुठं अडलेले असतात, तिथं कोण कुणाला हसणार?

इथं अण्णा अचानक म्हणाले, "मी एकोणचाळीस लिहिलं होतं."

कुणाला काही कळलं नाही.

"पहिलीत. गुरुजी म्हणाले, एकोणतीस लिही. मी तीस ऐकलं, एकोण म्हणजे नऊ असणार म्हणून तीन आणि नऊ लिहिलं. हातावर छडी बसली. घरी आम्ही म्हणतो इरवै तोम्मिदि. वीस नऊ. सरळ. मराठीत तीसला एक कमी. ते मला कुणी सांगितलंच नाही."

अण्णांचे बारा माग आहेत. सुताचा भाव, बिमाचं वजन, मजुरी, सगळं ते तोंडी करतात, आणि तेलुगूतच करतात. 'मला गणित येत नव्हतं' असं मात्र अजून सांगतात.

आमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं बरीच, तिथलं हे मोठं दुखणं आहे. तेलुगूत दशक आधी येतं. कन्नडमध्येही तसंच, इप्पत्तोंबत्तु. मराठीत त्रेसष्ट म्हटलं की तीन आधी ऐकू येतं आणि साठ नंतर, मग पोरगं छत्तीस लिहून मोकळं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितलं होतं की मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते. तेव्हा राज्यभर त्यावर विनोद झाले. अण्णांसारख्यांना कुणी विचारलं नाही.

वकील म्हणाला, "हे पहिली-दुसरीचं झालं. नववीत काय संबंध?"

"आहे," बापू म्हणाले. "सर भराभर आकडे सांगतात. पोरगं मनात तेलुगूत करतं, मराठीत आणतं, मग लिहितं. तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. त्याला वाटतं आपण मठ्ठ. तो मठ्ठ नसतो, दोन भाषांत काम करत असतो." आमच्या वर्गात शिकवणाऱ्या पोरींपैकी एकीची घरची भाषा तेलुगू आहे. ती गटाला पहिल्याच दिवशी सांगते, मनात कुठल्याही भाषेत करा, कागदावर आकडाच येतो. एवढ्यानं काही मुलांचे खांदे सैल होतात. मी बघितलंय.

अण्णांचा विरोध तरी संपला नाही, आणि त्यांचा पुढचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रविवारी टेस्ट, सोमवारी फलकावर नंबर, खालच्या पाचांची नावं लाल खडूनं, अशीही शिकवणी असते. अण्णांचा भाचा अशाच एका ठिकाणी जायचा. दोन महिन्यांत शनिवारी रात्री त्याचं पोट दुखायला लागलं. अशा वर्गापेक्षा मैदानावर क्रिकेट खेळलेलं हजार पटीनं बरं, हे मी कुठंही म्हणायला तयार आहे. शनिवार-रविवारी शाळेचीच दुसरी प्रत काढायची असेल तर मुलाला घरी झोपू द्या. आमच्याकडे परीक्षा नाही, नंबर नाही, आणि गड्ड्याच्या यात्रेत दोन आठवडे वर्गाला सरळ सुट्टी असते.

आणि शाळेची जागा हा वर्ग घेऊ शकत नाही, हे वकिलाचं म्हणणंही मी मान्य केलं. जी दोन पोरं शाळा बुडवून फक्त रविवारी यायची, त्यांना बापूंनी सांगितलं: आठवड्यात शाळेत विचारलेली एक शंका वहीत लिहून आणायची, तरच बसायचं. त्यातला एक टिकला. दुसरा गेला, त्याची मला अजून रुखरुख आहे.

आठ वाजत आले होते. मागच्या गल्लीतले माग धडधडत होते, टपरीवाल्यानं दुसऱ्यांदा चहा उकळायला ठेवला होता. भाई म्हणाला, "मग माझ्या पोराचं काय?" बापूंनी त्याला एवढंच सांगितलं की आज रात्री मार्कांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. ते खोडलेलं उदाहरण दाखवायचं आणि विचारायचं, हे का खोडलंस? तो काय सांगतो ते नुसतं ऐकायचं. शनिवारी तीन वाजता पाठव.

मग मी माझी अडचण काढली. गेल्या महिन्यापासून चार मुली रविवारी यायच्या बंद झाल्यात. चौघींच्या घरी विड्यांचं काम आहे. हजार विड्यांमागे मजुरी मिळते, पानं कापायला, दोरा बांधायला पोरींचे हात लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी त्या घरी असतात म्हणून त्याच दिवशी जास्त काम निघतं. आईला मी काय सांगणार? अपूर्णांक महत्त्वाचे आहेत म्हणून आजची मजुरी सोडा? वकील गप्प. बापू म्हणाले, वेळ बदलून बघू, संध्याकाळी सहानंतर. मी म्हटलं, सहानंतर आया पाठवणार नाहीत, अंधारात परत कोण सोडणार? भाई म्हणाला, गॅरेज सातला बंद करून मी सोडतो, माझं पोरगंही असेल बरोबर.

ठरलं एवढंच की मी आणि बापू गुरुवारी त्या चार घरी जाऊन बोलणार. अण्णा म्हणाले, तुम्हा दोघांना तेलुगू कुठं येतंय, आई मराठीत हो म्हणेल आणि पाठवणार नाही. म्हणून तेही येताहेत. वर्ग पटला म्हणून नव्हे, हे त्यांनी उठता उठता दोनदा सांगितलं.