आपल्या विद्यापीठातून पदक येऊ नये म्हणून

विद्यापीठाच्या क्रीडा विभागात तुमची नुकतीच नेमणूक झाली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. खेळाशी आपला कधी संबंध आला नाही याची खंत बाळगू नका. ती या खुर्चीची अलिखित पात्रताच समजली जाते. तुमच्यावरची मुख्य जबाबदारी एवढीच, की जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांच्या पदकतक्त्यात आपण जी जागा वर्षानुवर्षे जपली आहे, ती ढळू द्यायची नाही. या स्पर्धा १९५९ साली तुरीन येथे सुरू झाल्या आणि तेव्हापासून २०२३ ची स्पर्धा होण्याआधीपर्यंत, पंतप्रधानांनीच मांडलेल्या हिशोबाप्रमाणे, भारताची एकूण पदके १८ होती. साडेतीन वर्षांमागे एक पदक ही सरासरी काही आपोआप राखली जात नाही. तिच्यामागे अनेक कार्यालयांचे अखंड परिश्रम आहेत.

सुरुवात शिक्क्यापासून करावी. हे मी स्वानुभवाने सांगतो, कारण माझी पुतणी अडथळ्यांची शर्यत धावते आणि गेल्या महिन्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेचा तिचा पात्रता अर्ज घेऊन मीही तिच्याबरोबर एका विद्यापीठाच्या व्हरांड्यात धावत होतो. पहिल्या दिवशी अर्ज परत आला, कारण शिक्का संपूर्ण फोटोवर उमटला होता. तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा होता. दुसऱ्या दिवशी तो तसा उमटवून नेला, तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद उजेडात धरला आणि सांगितले, की हा चौकोनी शिक्का आहे, येथे गोल शिक्का लागतो. गोल शिक्का कपाटात होता, कपाटाची किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब मीटिंगला गेले होते. बाहेर पडताना पुतणीने शांतपणे विचारले, "काका, हे अडथळे किती उंचीचे असतात?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

रेल्वेचे तिकीट वेटिंगचेच काढावे.

ट्रॅकसूट स्पर्धा संपल्यावर वाटावेत, म्हणजे ते मळत नाहीत.

आता यादीविषयी, आणि येथे थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण या कलेतला आपला सर्वोच्च नमुना २०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीतील ऱ्हाइन-रूर येथे झालेल्या याच स्पर्धेत साऱ्या जगासमोर सादर झाला. भारताने बॅडमिंटनचे बारा खेळाडू नेले होते. बाराही जण निवड होऊन गेले होते, बाराही जणांचा व्हिसा झाला होता, बाराही जण विमानाने तेथे पोहोचले होते. स्पर्धेआधी संघ व्यवस्थापकांची बैठक असते आणि तेथे खेळाडूंची नावे निश्चित करून द्यायची असतात, एवढेच काम. त्यासाठी धावावे लागत नाही, उडी मारावी लागत नाही, घामसुद्धा येत नाही. आपल्याकडून नावे गेली सहा. उरलेल्या सहा जणांना आपण खेळू शकत नाही हे कळले, ते थेट स्पर्धेच्या गावी. रॅकेट आणि बूट सोबत असूनही त्या मुलामुलींना मैदानाबाहेरच राहावे लागले. मिश्र सांघिक प्रकारात भारताला कांस्यपदक मिळाले, म्हणजे अर्ध्या संघानेही पदक आणले. यावरून व्यवस्थेने आणखी किती कसोशीने प्रयत्न करायला हवे होते, हे तुमच्या लक्षात येईल. पुढे भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या विद्यापीठांच्या संघटनेने आपल्या सहसचिवांना निलंबित केले, चौकशीची घोषणा झाली. चौकशी करा, जरूर करा. पण एकवीस-बावीस वर्षांच्या त्या मुलांचा तो आठवडा कोणत्या समितीच्या अहवालातून परत मिळणार आहे? या स्पर्धेला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे, ती दोन वर्षांतून एकदा होते. एखाद्याच्या वाट्याला ती आयुष्यात दोनदा आली तरी पुष्कळ. आणि तुम्हाला बारा नावांचा एक कागद देता येत नाही!

असो. मी सल्ला देत होतो.

आकडे कसे सांगावेत, तेही शिकून घ्यावे. २०२३ च्या चीनमधील चेंगदू येथील स्पर्धेत भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके जिंकली, तेव्हा 'ऐतिहासिक' हा शब्द सर्वांनी वाटून घेतला आणि तो योग्यही होता. मात्र त्या अकराच्या अकरा सुवर्णपदकांचा उगम नेमबाजी आणि तिरंदाजी या दोनच खेळांत आहे, हे वाक्य भाषणात कधीही येऊ देऊ नये. कारण ऱ्हाइन-रूरच्या कार्यक्रमात नेमबाजी नव्हती आणि आपण २ सुवर्णांसह १२ पदकांवर, विसाव्या स्थानावर आलो. यजमानांनी एक खेळ वगळला, की आपला इतिहास अर्ध्याहून खाली येतो. अशा वेळी संघ तरुण होता असे सांगावे. विद्यापीठाचा संघ तरुणच असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि एवढे सर्व करूनही एखाद्याने पदक आणलेच, तर खचून जाऊ नये, सत्कार ठेवावा. ऱ्हाइन-रूरलाच साताऱ्याच्या साहिल जाधवने कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीचे वैयक्तिक सुवर्ण १४९-१४८ असे, एका गुणाने जिंकले. पुण्याच्या वैष्णवी आडकरने टेनिसच्या एकेरीत कांस्य मिळवले. त्याआधीचे भारताचे टेनिसमधले पदक नंदन बाळ यांचे, १९७९ सालचे, मधली शेहेचाळीस वर्षे कोरडी. असे खेळाडू दिसताच व्यासपीठावर आपली खुर्ची त्यांच्या जवळ राहील असे पाहावे, फोटोत खांद्यावर हात असावा आणि भाषणात 'आमच्या विद्यापीठाने घडवलेली' हा शब्दप्रयोग तीनदा तरी यावा.

नाही, हे आता मला हसत लिहिता येत नाही. त्यांना तुम्ही घडवलेले नाही. त्यांना घडवले ते पहाटे साडेचारला मैदानावर उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकांनी, कर्ज काढून धनुष्य घेणाऱ्या आईबापांनी आणि त्यांच्या स्वतःच्या हट्टाने. तुमच्याकडे कोणी पदक मागितले नव्हते. तुमच्याकडे अर्ज वेळेत पुढे पाठवण्याचे, तिकीट काढण्याचे आणि नाव यादीत लिहिण्याचे काम होते, त्याचा तुम्हाला दरमहा पगार मिळतो, आणि तेवढेही तुमच्याने होत नाही. वर खेळाडूंमध्ये जिद्द उरली नाही म्हणून व्याख्याने देता. लाज वाटू द्या.

माझ्या पुतणीचा अर्ज माझ्या टेबलावर पडला आहे. त्यावर अखेर गोल शिक्का मिळाला, अगदी नियमाप्रमाणे अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. त्याखाली साहेबांची सही आहे आणि सहीखाली तारीख आहे, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची.