टीप : निरंक

सरकारी कागदावरचा एकही रकाना कोरा सोडायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिव्या खाऊन शिकलो. माहिती असेल तर भरायची, नसेल तर आडवी रेघ मारून ‘निरंक’ लिहायचं. जागा कोरी दिसली की उद्या कुणीतरी तिथे काहीतरी घुसडतो आणि चौकशी आपली लागते. आस्थापना शाखेत बत्तीस वर्षं पगारबिलं करताना हजारो वेळा निरंक लिहिलं असेल, कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते थेट अमेरिकेत, टेक्सास राज्यात, डॅलसजवळच्या एका हॉटेलात, वीतभर चिठोऱ्यावर.

लेकीकडे गेलो होतो. पहिलाच शनिवार. जेवण झालं, लेक नातवाचे हात धुवायला गेली, जावई गाडी काढायला गेले आणि नेमकी तेवढ्यात वेटर मुलगी काळं फोल्डर घेऊन आली. मुलगी मोठी गोड. आल्या आल्या तिने स्वतःचं नाव सांगितलं होतं, ‘आज मी तुमची काळजी घेणार’ असं म्हणाली होती, आणि दर दहा मिनिटांनी, बरोबर माझ्या तोंडात घास असताना येऊन ‘सगळं कसं आहे?’ विचारत होती. सोळा आणे सासुरवाडीचा थाट. म्हटलं, आज बिल आपण द्यायचं. मी माझं परदेशी चलनाचं कार्ड काढून दिलं.

ती ते घेऊन आत गेली. कार्ड नजरेआड होऊ देऊ नका, असा आमच्या बँकेचा दर आठवड्याला मेसेज येतो. मी मान उंच करून पाहत राहिलो. दोन मिनिटांनी ती कार्ड, दोन चिठ्ठ्या आणि एक पेन घेऊन आली. जेवणाचे ६४ डॉलर, सव्वाआठ टक्के विक्रीकर ५.२८, एकूण ६९.२८. इथवर ठीक. त्याखाली मात्र दोन रकाने कोरे. एकावर ‘टिप’, दुसऱ्यावर ‘टोटल’, आणि तळाला सहीची जागा.

कार्ड परत आलेलं, रक्कम कोरी, आणि खाली सही करा! आमच्याकडे कोऱ्या रकमेवर सही घेणारा आणि करणारा, दोघंही निलंबित झाले असते. मी चष्मा पुसला. टिपच्या रकान्यात आडवी रेघ मारली, वर स्वच्छ देवनागरीत ‘निरंक’ लिहिलं. टोटलमध्ये ६९.२८. त्याखाली ‘अक्षरी डॉलर एकोणसत्तर, सेंट अठ्ठावीस फक्त’. मग सही, सहीखाली तारीख.

मुलीने चिठ्ठी उचलली. आधी सरळ धरली, मग जरा तिरकी. निरंक हा एखादा घसघशीत आकडा असावा अशी तिला क्षणभर आशा वाटली असणार. मग तिने टोटल वाचली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हप्त्याहप्त्याने गेलं.

“बाबा, हे काय करून ठेवलंत?” लेक परत आली होती.

“रकाना भरला.”

“तो टीपचा रकाना आहे!”

“तेच म्हणतोय. टीप दिली नाही, म्हणून निरंक.”

लेकीने पर्समधून पंधरा डॉलर काढून फोल्डरमध्ये कोंबले, मुलीला काहीतरी पुटपुटत माफी मागितली आणि माझा दंड धरून बाहेर काढलं. नातवाने विचारलं, आजोबांना पोलीस नेणार का? आमची ही, म्हणजे बायको, म्हणाली, “नेले तर बरं.”

गाडीत लेकीने सांगितलं, “त्यांना ताशी दोन डॉलर तेरा सेंट पगार असतो, बाबा.”

“मूळ वेतन? की सगळे भत्ते धरून?”

“बाबा, सगळं मिळून. बाकी टीप.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. जेट लॅग होताच, पण खरं कारण ते दोन डॉलर तेरा सेंट. ज्याने उभा जन्म महागाई भत्त्याचे फरक काढण्यात घालवला, त्याच्या डोळ्याला डोळा लागेल कसा? पहाटे तीनला लेकीच्या संगणकावर बसून प्रकरणाच्या मुळाशी गेलो. अमेरिकेचं केंद्राचं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तसूभर हललेलं नाही. पण ज्यांना टीप मिळते त्यांना मालकाने निव्वळ २.१३ दिले तरी चालतात. आठवड्याच्या हिशेबात टीप धरूनही ताशी ७.२५ पडले नाहीत तरच वरचा फरक मालकाने भरायचा. आणि हा २.१३ चा आकडा कधीचा? १ एप्रिल १९९१ चा! तेव्हा तो किमान वेतनाच्या निम्मा होता, ४.२५ च्या निम्मा. पुढे १९९६ मध्ये ती निम्म्याची दोरीच कापून टाकली. वरचं वेतन थोडंफार चढलं, हे आपलं २.१३ वर पाय रोवून उभं. या काळात आमच्याकडे पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन वेतन आयोग येऊन गेले. मी स्वतः तीनदा वेतननिश्चिती केली. प्रत्येक वेळी संघटनेने ‘तुटपुंजी वाढ’ म्हणून दारात घोषणा दिल्या आणि मीही जेवणाच्या सुट्टीत जाऊन दिल्या.

सकाळी चहाला मी जाहीर केलं, “म्हणजे त्या मुलीचा पगार मी करायचा होता.”

“उशिरा का होईना कळलं,” लेक म्हणाली.

“अगं, पण मग नेमणूक आदेश कुठाय? हजेरीपट कुठाय? मी फक्त डोसा समजून ते काय ते खाल्लं. मालकाने पगारबिलाचं काम माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि वर पेनही दिलं!”

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मी पुन्हा कामावर रुजू झालो.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत बाहेर जेवायला जाणं म्हणजे महिनाअखेर. इतर लोक मेनू कार्ड बघत, मी बिलाच्या तळाशी छापलेला तक्ता बघत असे. अठरा टक्के, वीस, बावीस. एका ठिकाणी मी आक्षेप काढला. ६४ डॉलरच्या जेवणावर वीस टक्के म्हणजे १२.८० व्हायला हवेत, तक्त्यात १३.८६ छापलेले. म्हणजे विक्रीकरासह रकमेवर टीप! सरकारला दिलेल्या पैशांवर मी वेटरला बक्षीस का द्यावं? सरकारने काय ताट आणून दिलं? हा स्पष्ट लेखाआक्षेप आहे. जावई भला माणूस, “पॉइंट आहे बाबा” एवढंच म्हणाला. ही म्हणाली, “एक डॉलर सहा सेंटसाठी घसा कोरडा करताय, त्यात तीन ग्लास पाणी प्यालात, ते त्या मुलीनेच आणलं.” पाणी कसलं, बर्फच तो. त्यात फटीफटीतून थोडं पाणी होतं.

टेबलावरची टीप मला पटली, अगदी खरं सांगतो. पोरगी दहा तास पायावर उभी असते, मिळालेल्या टीपमधून टेबलं पुसणाऱ्याला आणि बारवाल्याला वाटा देते. पटलं नाही ते काउंटरवरचं. एका बेकरीत मी स्वतः चिमट्याने पाव उचलला, स्वतः ट्रेमध्ये ठेवला, स्वतः गल्ल्यापर्यंत नेला. गल्ल्यावरच्या पोराने पडदा गर्रकन माझ्याकडे फिरवला : १८, २०, २५. पाव उचलला मी, टीप घेणार तो! ‘टीप नाही’ असंही एक बटण होतं, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. माझ्यामागे सहा माणसं. बोट त्या बटणाकडे निघालं की मानेवर सहा जणांचे श्वास जाणवत. मी वीस दाबलं. बत्तीस वर्षांत एवढ्या दबावाखाली मी एकही बिल मंजूर केलं नव्हतं, आणि माझ्यावर दबाव आणणारे चांगले निवडून आलेले लोक होते.

लेकीची मैत्रीण कॅलिफोर्नियातून आली तेव्हा आणखी एक घोळ बाहेर आला. तिथे २.१३ ही भानगडच नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोन्टॅना, मिनेसोटा आणि अलास्का, या सात राज्यांत वेटरलाही राज्याचं पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. “मग तिथे टीप लागत नाही?” मी आशेने विचारलं. “वीस टक्के,” ती म्हणाली. मूळ वेतन वाढलं म्हणून भत्ता बंद व्हायला हवा ना? बाई गं, हे कुठल्या शासन निर्णयात बसवायचं?

हे सगळं सुरू कुठून झालं ते वाचलं तेव्हा मात्र माझी थट्टा जरा थांबली. मुळात टीप अमेरिकेला युरोपातून आलेली आणि बऱ्याच अमेरिकनांना ती आवडत नव्हती. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टीपवर चक्क बंदी घातली, आणखी पाच राज्यांनी कित्ता गिरवला, १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले. पण तोवर रेल्वेत तिची मुळं घट्ट झालेली. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमनच्या कंपनीने झोपायच्या डब्यांवर पोर्टर म्हणून गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना घेतलं, पगार जेमतेम ठेवला आणि बाकीचं प्रवाशांवर सोडलं. प्रवासी त्या प्रत्येकाला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, मालकाच्या नावाने. चोवीस तास बिछाने घालायचे, बूट पुसायचे, हसायचं, आणि पुढच्या स्टेशनावर कोण किती देतो ते बघायचं. त्या डॅलसच्या मुलीचं हप्त्याहप्त्याने गेलेलं हसू मला तेव्हा पुन्हा दिसलं.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हा विषय टाकला आणि फराळाच्या फोटोंपेक्षा जास्त प्रतिसाद मिळाला. म्युनिकचा भाचा म्हणाला, मामा, इथे वेटरलाही सगळ्यांसारखं किमान वेतन आहे, २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो. टीप टेबलावर टाकून पळायचं नाही, पैसे देतानाच तोंडाने बोलायचं. अठ्ठावीस झाले तर नोट देऊन ‘तीस’ म्हणायचं, विषय संपला. तिकडे टीपला ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणतात, म्हणजे पिण्याचे पैसे. फ्रेंचांचा ‘पूरब्वार’ तोच, प्यायला. रशियन मात्र आपल्यातले, ‘ना चाय’ म्हणतात, चहासाठी. चहापाणी! आमच्या कचेरीत या शब्दाला जो अर्थ होता तो इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

लंडनची वहिनी म्हणाली, आमच्याकडे साडेबारा टक्के बिलात आधीच छापून येतात, नको असतील तर काढून टाका म्हणायचं. म्हणायचं कुणी, हा प्रश्न आहे. ती बारा वर्षं तिथे आहे, एकदाही म्हणू शकलेली नाही. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा लागू झाला : टीप आणि सेवा शुल्क मालकाने गिळायचं नाही, सगळं कामगारांना वाटायचं. म्हणजे त्याआधी काय चालत होतं ते समजून घ्यावं.

परतीच्या वाटेवर टोकियोत दोन दिवस थांबलो. तोवर मी पुरता तयार झालो होतो. नूडल्सच्या एका दुकानात जेवलो, गल्ल्यावर पैसे चुकते केले आणि वाडग्याखाली दोनशे येन सरकवून बाहेर पडलो. सिग्नलपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच मागून एक पोरगा धापा टाकत धावत आला. दोन्ही हातांच्या ओंजळीत माझी नाणी. मला वाटलं अठरा टक्क्यांना कमी पडले. मी वर आणखी शंभराचं नाणं ठेवलं. तो रडवेला झाला. वाकून वाकून तो काहीतरी विनवत होता, मीही वाकत होतो, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. शेवटी हिने तीनही नाणी उचलून पर्समध्ये टाकली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. रात्री दुसरीकडे न मागवलेल्या कोशिंबिरीची चिमूटभर वाटी आली आणि बिलात लागली. असं बसण्याचे पैसे घ्यायची तिथे रीतच आहे. मला फार बरं वाटलं. निदान रकाना छापील होता.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी आमच्या नेहमीच्या हॉटेलात गेलो. इथला वेटर वर्षानुवर्षं तोच. राहायला-जेवायला मालकाकडे, रात्री शटर ओढलं की बाकडी जोडून तिथेच झोपतो. आणि सुट्या पैशांच्या बाबतीत बुद्धिबळपटू. ३४० च्या बिलाला पाचशेची नोट दिली की एकशेसाठ परत आणताना शंभर आणि सहा दहा-दहाच्या आणणार, बडीशेपेच्या बशीत पंख्यासारख्या पसरून. पन्नासची नोट त्याच्या गल्ल्यात कधीच नसते. वीस वर्षं मी त्यातल्या दोन ठेवून उठत आलोय. टक्के कधी काढले नाहीत.

या वेळी बिल ३४० च होतं, पण टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. मी स्कॅन केलं, पैसे थेट मालकाला गेले. सुटे नाहीत, बशी नाही. तो बडीशेपेची वाटी घेऊन उभाच.

“पगार किती देतात रे तुला?” माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तो दचकला, आत गल्ल्याकडे बघून हळूच म्हणाला, “काका, तुम्ही लेबर ऑफिसातनं आलाय का?”

“नाही नाही. सुटे नाहीत रे माझ्याकडे, म्हणून.”

“मग हे घ्या की,” म्हणत त्याने शर्टाच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि स्वतःचा कोड माझ्यासमोर धरला. मी स्कॅन केलं. पडद्यावर त्याचं नाव आलं आणि त्याखाली रक्कम टाका म्हणून एक रकाना, कोरा, आत रेघ लुकलुकतेय.

“साधा जीएसटी वगळून की धरून?” मी पुटपुटलो.

हिने माझ्या हातून फोन हिसकावला, पन्नास टाकले आणि मला पिन टाकायला लावला. घरी येईपर्यंत ते १४.७ टक्के होतात हे माझ्या लक्षात आलं होतं, पण लेकीला कळवलं नाही.