झाकली मूठ आणि सातबाऱ्यावरचा बोजा

लग्न ठरवताना मुलीच्या आजीला कितव्या वर्षी मधुमेह जडला इथपर्यंत आपल्या मंडळींनी चौकशी केली असेलच. म्हणून आपल्या घरातली एखादी गोष्ट तिलाही सांगावी काय, असा हळवा विचार मनात येत असेल, तर तो आजच काढून टाकावा. घरातली गोष्ट घरातच राहावी हे खरे. मात्र सून घरातली की बाहेरची, हे प्रसंग पाहून ठरवावे. सासऱ्यांच्या पथ्यपाण्याला आणि गौरीच्या सोळा भाज्यांना ती घरातलीच असते; कर्जाचे कागद निघाले की ती परक्याची पोर होते.

समजा, थोरल्या भावाच्या पोल्ट्रीसाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली आणि आपण जामीनदार म्हणून सही केली. "सही काय, नावापुरती," असे भाऊ म्हणाला होता. करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते. परंतु हा रुक्ष मजकूर सांगून पत्नीच्या डोक्याला ताप कशाला द्यावा? हप्ते थकले की तिला यंदा बोनस झाला नाही असे सांगावे, आणि बँकेचा फोन आला की ऑफिसचा आहे असे पुटपुटत गॅलरीत जावे. नोटिसा गावच्या पत्त्यावर येतील अशी तजवीज असल्यास उत्तम.

आता हे गुपित तलाठ्याला ठाऊक आहे, बँकेच्या वसुली अधिकाऱ्याला ठाऊक आहे, दोन्ही साक्षीदारांना, त्यांच्या बायकांना आणि सही करताना चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते केवळ जिच्या संसारातून हप्ता जाणार आहे तिला. तेव्हा गुपित चोख राखले गेले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

मन खाऊ लागल्यास धर्मराजाची आठवण करावी. कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीने युद्ध संपेपर्यंत आपल्या पाचही मुलांना कळू दिले नाही, आणि ते कळल्यावर संतापलेल्या युधिष्ठिराने शाप दिला तो समस्त स्त्रीजातीला, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. (पुरावा पाहून उलटा निकाल देण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे.) कायद्याचे मात्र बायकांविषयी असे मत दिसत नाही. पतीने संसारात पत्नीला सांगितलेली गोष्ट, त्या दोघांतलेच खटले वगळता, तिच्याकडून कोर्टात वदवून घेता येत नाही, हे संरक्षण १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. दीडशे वर्षे कायद्याने तिच्यावर विश्वास टाकला. आपण इतके भोळे होऊ नये.

अडचण आहे ती सातबाऱ्याची. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो, आणि बँकेने नोंद केलेला बोजा त्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात रकमेसह दिसतो. गट क्रमांक लपवावा म्हटले, तर खातेदाराच्या नावावरूनही शोध घेता येतो, आणि ते आडनाव लग्नानंतर आपणच तिला मोठ्या कौतुकाने दिलेले असते.

त्याहून वाईट म्हणजे, पुढे फ्लॅट घेताना सहकर्जदार म्हणून तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवावे लागेल आणि बँकेतला अधिकारी सिबिलचा अहवाल पाहून सहज विचारील, "हे जामीनकीचं खातं थकलेलं दिसतंय, साहेब?" अशा वेळी गोंधळून जाऊ नये. घरी आल्यावर ती काही बोलण्याआधी तिचे पासबुक मागवावे. स्वतःच्या पगारातून ती दरमहा आईला दोन हजार रुपये पाठवते, हे तिने आपल्याला कधी सांगितले नव्हते. नवरा-बायकोत लपवाछपवी नसावी, हे वाक्य नेमके इथे, शक्यतो भरल्या गळ्याने, उच्चारावे.