"उद्या आणतो की मॅडम"

गेली चौदा वर्षं मी कोल्हापुरात डिप्लोमाच्या मुलांना शिकवतेय. दर टर्मला तेच. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात झुंबड, एकाचं जर्नल दहाजण उतरवणार, आणि स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य : पोरं आळशी झालीत. मीही म्हणायचे. आता म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी गगनबावड्याकडून एसटीनं येणारा एक मुलगा होता. कधीही विचारा, "उद्या आणतो की मॅडम." शेवटी मीच त्याचं जर्नल मागून घेतलं. अनुक्रमणिका सुबक अक्षरात भरलेली, दहाही प्रॅक्टिकलची नावं. पुढं सगळं कोरं. पण शिलाईपाशी फाडलेल्या पानांचे कपटे अडकले होते. मोजले, सात. पहिल्याच प्रॅक्टिकलची आकृती जरा चुकली की पान फाडायचं, असं सात वेळा. आधी एकदा सगळ्यांसमोर कुणीतरी त्याची वही भिरकावली होती, हे नंतर कळलं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांनी चालढकलीवर बरीच वर्षं काम केलंय. ते म्हणतात, मूळ अडचण वेळेच्या नियोजनाची नसते. कामासोबत येणारी भीती, कंटाळा सोसवत नाही म्हणून माणूस काम टाळतो. त्या कपट्यांत मला तेच दिसलं. अशा मुलाच्या हातात टाइमटेबल देऊन काय उपयोग?

मग ठरवलं, दर गुरुवारी चार वाजता, लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल. अख्खं जर्नल मागायचं नाही, आज फक्त आकृती. चुकली तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही. मी शेजारी पेपर तपासत बसायचे. जेवढं झालं त्यावर त्याच दिवशी सही. पहिले दोन गुरुवार तो आलाच नाही, मी वर्गातून बोलावून आणलं. वार, वेळ, जागा आधी पक्की केली की काम सुरू होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. टर्मअखेर त्याची आठ प्रॅक्टिकल स्वतःच्या हातची होती. उरलेली दोन त्यानं सुट्टीत येऊन पूर्ण केली.

सगळ्या सह्या शेवटच्या आठवड्यात घेण्याची पद्धत बंद करा, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर मिळालं, "कॉलेजात आलेल्या पोरांना बोट धरून चालवायचं का?" मला हे अजिबात पटत नाही. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात आधार लागतो, हे शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हाच ओळखलं होतं. आज राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला संध्याकाळी "झालं का रे?" असं विचारणारं कोण असतं?

या टर्मला गुरुवारी सहाजण बसतात. मंगळवारीही अशीच बैठक सुरू करायची आहे, पण त्या वेळी माझा तास असतो. निवृत्त शिक्षकांपैकी कुणाला आठवड्यातून तासभर यायला जमत असेल तर मेसेज करा. शिकवावं लागणार नाही, नुसतं शेजारी बसायचंय.