सध्या काय करूलास?

नोकरी सुटली की बेळगावात हा प्रश्न दोघं विचारतात : गल्लीतले काका आणि आरोग्य विम्याचा अर्ज. काकांना "बघूया की" म्हणून कटवता येतं. अर्जातला व्यवसायाचा रकाना तसा ऐकत नाही. तिथं सरळ "बेरोजगार" लिहावं. लाजून "स्वयंरोजगार" टाकलं, की उत्पन्नाचा पुरावा मागणारी पुढची वरात येऊ शकते.

कंपनीचा ग्रुप विमा बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो, त्यात घातलेल्या आई-बाबांचाही. उद्यमबागेतल्या कारखान्यातून निरोपाचा कुंदा घेऊन घरी पोचेपर्यंत अख्खं घर उघडं पडलेलं असतं. म्हणून राजीनामा खिशात असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल मागावा. कंपनी तपासून ठरवते; पण झालं तर ग्रुपमधली वर्षं मोजली जातात. नवी पॉलिसी घेतली, तर पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, हर्निया-मोतीबिंदूला बहुधा 2 वर्षं थांबायचं आणि जुन्या शुगर-बीपीला 3 वर्षांपर्यंत. "शुगर नको लिहू रे" म्हणणारा एजंट दावा नाकारल्यावर फोन उचलत नाही, तेव्हा शुगर लिहावीच.

हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, तेवढाच दिलासा. स्वस्तात 'आरोग्य संजीवनी' ही सगळ्या कंपन्यांकडची एकसारखी पॉलिसी घ्यावी, पण खोलीभाड्याची ओळ दोनदा वाचून. विमा रकमेच्या 2 टक्के, जास्तीत जास्त दिवसाला 5000. दोन लाखांच्या पॉलिसीवर 4000 बसतात. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून 8000 ची खोली घेतलीत, तर नुसतं भाडं नव्हे, डॉक्टरांची आणि ऑपरेशनची फीसुद्धा निम्मीच मिळते. वर दाव्यातले 5 टक्के आपल्या पदरचे आहेतच. पाहुणे तासाभरात चहा पिऊन जातात.

सरकारी वाटेवर सगळा खेळ रेशन कार्डाचा. बीपीएल असेल तर 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक'मध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाख. एपीएल असेल तर उपचाराच्या ठरलेल्या पॅकेज-दराच्या 30 टक्के, तेही दीड लाखापर्यंत. बीपीएलला वार्षिक उत्पन्न 1.20 लाखाच्या आत हवं. म्हणजे आज खिसा रिकामा असला, तरी गेल्या वर्षीचा पगार तुम्हाला श्रीमंतच ठेवतो. तातडीची केस सोडली तर खासगी दवाखान्याआधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, हे विसरणारे बिलाच्या खिडकीवर भेटतात.

मला विचाराल तर खेड्यात पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती पतसोसायटीचं, सभासदत्व सगळ्यात उपयोगी. सहकारी सभासदांच्या 'यशस्विनी' आरोग्य योजनेत चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये, मर्यादा 5 लाख. फक्त नोंदणी ठराविक महिन्यांतच चालते, तारीख सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेवावी.

शिवाय महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली आणि कर्नाटकानं हरकत घेतली. बेरोजगाराच्या इलाजावरून दोन सरकारं भांडतात. नोकरीत असताना एवढा मान कोणी दिला नव्हता.

राहता राहिलं नाव. ज्ञानेश्वर मराठी शाळेच्या दाखल्यावर 'डी-एन-वाय'नं सुरू होतो, कन्नडमधून आलेल्या कार्डावर 'जे-एन'नं. कॉम्प्युटरला ही दोन माणसं. आधी आधार दुरुस्त करायचं, त्यावरून रेशन कार्डाचं ई-केवायसी, मग आरोग्य कार्ड. आणि 'ग्राम वन'ला, म्हणजे गावच्या सरकारी सेवा केंद्राला, उघडायच्या वेळीच जावं. दुपारी सर्व्हर झोपतो.