स्टॅटिन बंद करून पुरुषत्व वाढत नाही हो काका

"टेस्टोस्टेरॉन कोलेस्ट्रॉलपासून बनतं, म्हणून पन्नाशीनंतर कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या घेतल्या की पुरुषत्व जातं. गोळ्या बंद करा, तूप खा, अंडी पिवळ्यासकट खा, नाहीच जमलं तर टेस्टोस्टेरॉन घ्या, हार्टलाही चांगलं." हा मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. यातल्या कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या म्हणजेच स्टॅटिन. यातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कोलेस्ट्रॉलपासून बनतं एवढंच खरंय आणि तेच डेंजर आहे, कारण पुढचं सगळं त्याच्या जिवावर खपतं.

आधी कच्च्या मालाचं बघू. अंडकोषातल्या लेडिग पेशी कोलेस्ट्रॉलपासूनच टेस्टोस्टेरॉन बनवतात, मान्य, पण किती बनवायचं हे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एलएच हार्मोन ठरवतं, त्याचा हुकूम आला की मगच कोलेस्ट्रॉल मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, शिरतं आणि काम सुरू होतं, आणि कमी पडलं तर या पेशी स्वतःचं कोलेस्ट्रॉल स्वतः बनवतात. कोठीत गव्हाची पोती वाढवली म्हणून तव्यावर पोळ्या जास्त पडतात का?

मग गोळ्यांनी काहीच होत नाही? होतं, थोडंसं, लपवायचं कशाला. २०१३ मध्ये काही चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा स्टॅटिनने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी ०.६६ नॅनोमोल प्रति लिटरने उतरलेलं दिसलं, आपल्या लॅब रिपोर्टच्या हिशोबात (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) साधारण १९. त्याच हिशोबात नॉर्मल रेंज ढोबळमानाने ३०० ते १०००. आता तुम्हीच सांगा.

"कोलेस्ट्रॉल जास्त तर जोर जास्त" हे तर उलटंच आहे. पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) कमी, शुगर, अशा माणसांचंच टेस्टोस्टेरॉन बहुतेकदा कमी निघतं, कारण पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) करत बसते. वयानुसार वर्षाला साधारण १ टक्का उतरतंच, पण वाढलेलं वजन त्याहून जास्त खातं. तूप याच्यावर काय करणार, कप्पाळ!

खरी गोम इथे आहे. पन्नाशीतल्या माणसाला ताठरतेचा त्रास सुरू झाला की तो गोळीवर संशय घेतो, लाजेपोटी डॉक्टरला विचारत नाही, गुपचूप गोळी सोडतो. पण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे चरबी साचायला लागली की तक्रार बऱ्याचदा आधी तिथे येते आणि छातीत नंतर, कधी कधी दोन-चार वर्षांनी. म्हणजे ज्याने गोळी अजिबात सोडायला नको तोच सोडून बसतो! दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, मध्यक वय ५३, म्हणजे निम्म्यांना त्याआधीच, हे हार्ट अटॅकवरच्या इंटरहार्ट या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलंय. आणि स्टॅटिनने ताठरता बिघडण्याऐवजी थोडी सुधारल्याचंच चाचण्यांत दिसतं.

राहिलं टेस्टोस्टेरॉन घ्यायचं. २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांवर पुरुष होते, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आणि हृदयाची जोखीम असलेले. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावल्याने अटॅक-स्ट्रोक वाढले नाहीत, पण कमीही झाले नाहीत, वर हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे थोडं जास्त दिसलं. मग "हार्टला चांगलं" कुठून आणलं?

शंका असेलच तर टेस्ट करा, पण सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी परत. दुपारी चारला रक्त देऊन आलेल्या एका आकड्यावर कुणी इंजेक्शन सुचवत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा.